हिरव्या भिंतीचा इतिहास

गेल्या दसऱ्याच्या आधी आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीला रंग द्यावयाचे ठरले. रंग कोणता, हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी कधी निघत नसे. वडिलांच्या वेळी चुना आणि त्यात चिमूटभर नीळ. पुढे आमच्या हाती चार पैसे खुळखुळू लागले तेव्हा डिस्टेंपर आला, तोही पिस्ता रंगाचा, कारण साऱ्या चाळीने पिस्ताच घेतला होता. या खेपेस मात्र कन्येने दुकानातून शेडकार्ड आणले आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, सेज ग्रीन. सध्या सगळीकडे हाच देतात." हा सेज म्हणजे कोण, असे आम्ही विचारले. ती युरोपातली एक वनस्पती, तिकडे स्वयंपाकात घालतात, पानांवर बारीक लव असते आणि त्यामुळे हिरवा रंग राखेतून काढल्यासारखा दिसतो, असा खुलासा झाला. आमच्या आईने कार्ड डोळ्यांजवळ नेले, दूर नेले, आणि निकाल दिला, "हा तर रुईच्या पानाचा रंग." दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्या बाईपुढे शेडकार्डाची काय मातब्बरी! रंग ठरला.

कामाला आला तो आमच्या युनियनचा जुना सभासद. दाराला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला चाळीस वर्षांचा ऑइलपेंट थरावर थर चढलेला होता. त्याने नाकाला पंचा गुंडाळला आणि पॉलिशपेपरने कोरडेच घासावयास सुरुवात केली. खोलीत धुके पडावे तशी धूळ उठली. आम्ही म्हणालो, "अहो, पाणी मारून घासा, जुन्या ऑइलपेंटात शिसे असते." तो थांबला, पंचा खाली केला आणि हसून म्हणाला, "दादा, तीस वर्षं असंच घासतोय. तुम्ही कधी बोलला नाहीत."

हे वाक्य आम्हाला लागले. पंचवीस वर्षे आम्ही या कामगारांच्या वतीने दराची बोलणी केली, परांचीवरून पडलेल्याच्या भरपाईसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, बोनससाठी रस्त्यावर बसलो. धुळीविषयी एकही मागणी आमच्या कोणत्याही मागणीपत्रात नाही. कपाटातली सारी मागणीपत्रे काढून आम्ही त्या रात्री पाहिली. नाही म्हणजे नाही. म्हणून नगर वाचनालयात जाऊन वाचावयास बसलो. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे आणि रसायनशास्त्र आम्ही शिकलो ते रंगाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी प्राध्यापक असतील त्यांनी सांभाळून घ्यावे. जे वाचले ते आज मांडतो. विषय घर सजवण्याचा आहे, पण वाट थोडी स्मशानावरून जाते.

भिंतीला हिरवा रंग देणे हे पूर्वी सोपे नव्हते. झाडाचा हिरवा रंग काढून भिंतीला लावला तर उन्हात तो उडून जातो. हिरवी माती असते, ती टिकते पण फिकी पडते. तांब्याचा जंगाल काळवंडतो. अशा वेळी कार्ल शेले नावाच्या स्वीडनमधील औषध-विक्रेत्याने 1775 साली एक नवी हिरवी भुकटी तयार केली. हा शेले मोठा रसायनज्ञ. प्राणवायू शोधणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. त्याची कृती आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या काष्ठौषधीवाल्याला समजेल अशी आहे: मोरचूद पाण्यात विरघळवायचे आणि त्यात सोमल व क्षार यांचे द्रावण ओतायचे. खाली जो साका बसतो तो पोपटी हिरवा. सोमल म्हणजे विष, हे शेलेलाही ठाऊक होते. पुढे 1814 च्या सुमारास जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे याच दोन द्रव्यांपासून अधिक झगझगीत हिरवा निघाला. तोच पुढे 'पॅरिस ग्रीन' या नावाने उंदीर आणि पिकांवरचे किडे मारण्यासाठी विकला गेला. एकाच डब्यातून दिवाणखान्याची शोभा आणि उंदराचे मरण!

(आपल्या भाषेत 'हरताळ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक आम्ही पुकारतो तो. दुसरा पिवळा, पोथीतली चूक पुसण्यासाठी फासण्याचा, म्हणजे सोमलाचाच सख्खा भाऊ. आपल्या लोकांना ही द्रव्ये नवी नव्हती. त्यांनी ती घरभर फासली नाहीत, इतकेच.)

इंग्लंडात 1836 साली भिंतीच्या छापील कागदावरचा कर उठला, पाठोपाठ कागद यंत्रावर छापला जाऊ लागला आणि जी शोभा पूर्वी सरदाराच्या घरी होती ती कारकुनाच्या घरी आली. शहरांत कोळशाचा धूर, खोल्या काळोख्या, बाहेर झाड दिसणे मुश्कील. अशा माणसाला भिंतीवर पाने-वेली हव्याशा वाटल्या तर त्याला हसण्याचे कारण नाही. आमच्या पिस्ता डिस्टेंपरमागेही तीच भूक होती. पण त्या कागदातील हिरवा सोमलाचा होता. तो नीट चिकटत नसे, झटकला की भुकटी उडे. ओल आलेल्या खोलीत तर निराळाच प्रकार होई. हायडेलबर्गचा रसायनज्ञ ग्मेलिन याने 1839 सालीच वर्तमानपत्रातून इशारा दिला होता की, अशा खोल्यांना उंदरासारखा वास येतो आणि तेथे राहणारे आजारी पडतात. हे कागद उतरवा. पुढे 1890 नंतरच्या दशकात गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ओल्या भिंतीवरची बुरशी सोमलापासून लसणीच्या वासाचा वायू तयार करते. तो वायू नेमका कोणता, हे 1932 साली चॅलेंजर याने इंग्लंडात ओळखले. या वायूनेच माणसे मेली की केवळ भुकटीने, याविषयी अलीकडच्या संशोधकांत मतभेद आहेत. भुकटीविषयी मात्र कोणाचेच दुमत नाही.

1862 साली लंडनच्या लाइमहाउस भागात एका कामकरी कुटुंबातील मुले एकामागून एक दगावली आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचा संशय घरातील हिरव्या कागदावर गेला. अमेरिकेत मिशिगन येथील केडझी नावाच्या प्राध्यापकाने 1874 साली तर अजबच केले. त्याने बाजारातील विषारी कागदांचे तुकडे कापून त्यांचे पुस्तक बांधले आणि त्याच्या 100 प्रती काढून राज्यातील ग्रंथालयांना पाठवल्या, लोकांनी ओळखावे म्हणून. पुस्तकच विषारी असल्याने पुढे बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. ग्रंथपालाला इतका धोका क्वचितच आला असेल.

परंतु हे सारे घरात राहणाऱ्यांचे झाले. तो रंग हाताळणाऱ्यांचे काय? लंडनमध्ये मॅटिल्डा श्यूरर नावाची 19 वर्षांची मुलगी कृत्रिम फुलांच्या कारखान्यात कामाला होती. स्त्रियांच्या टोपीवर आणि केसांत खोवण्याच्या कापडी पानांवर ही हिरवी भुकटी उडवायची, हे तिचे काम. श्वासातून ती आत जाई, जेवताना हातावरून पोटात जाई. 20 नोव्हेंबर 1861 रोजी ती गेली. शेवटी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हिरवा झाला होता आणि जे पाहावे ते हिरवे दिसते, असे तिने डॉक्टरांना सांगितले होते. तिच्या मृत्यूची चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी हॉफमन या नामांकित रसायनज्ञाने 'टाइम्स' पत्रात हिशेब मांडला की, बायकांच्या एका शिरोभूषणातील पानांमध्ये वीस माणसांना पुरेल इतके विष आहे. या हिशेबाने उच्चवर्गीय स्त्रिया दचकल्या. मॅटिल्डाच्या मरणाने दचकल्या नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही. पण वीस माणसांचा आकडा स्वतःच्या डोक्यावर आहे, हे कळल्यावर दचकणे निराळे.

आता ज्याचे नाव घेतल्यावाचून घराच्या सजावटीचा इतिहास पुरा होत नाही त्या विल्यम मॉरिसकडे येतो. घरातील प्रत्येक वस्तू उपयोगी तरी असावी किंवा सुंदर तरी, असे सांगणारा, हातकामाचा पुरस्कर्ता, आणि 1883 नंतर भर चौकात उभा राहून समाजवादाचा प्रचार करणारा हा माणूस आम्हाला तरुणपणापासून पूज्य वाटत आला. त्याच्या कंपनीने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात 1866 ते 1868 या काळात सजवलेले उपाहारगृह 'हिरवी खोली' म्हणून प्रसिद्ध आहे आणि आजही पाहावयास मिळते. भडक हिरव्याला बाजूला सारून शेवाळी, करडा, राखी हिरवा घरात आणणाऱ्यांत ही खोली आघाडीवर होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सुशिक्षित इंग्रजांच्या घरांतून सेज हिरव्याची लाट आली; इतकी की, 1881 सालच्या 'पेशन्स' या विनोदी संगीतिकेत असल्या हिरव्या-पिवळट रसिकांची टिंगल झाली. तेव्हा आमच्या कन्येची 'सध्याची' आवड सुमारे दीडशे वर्षांची आहे.

पण मॉरिसच्या वडिलांनी डेव्हन परगण्यातील एका तांब्याच्या खाणीत पैसे घातले होते. डेव्हन ग्रेट कन्सोल्स हे तिचे नाव. 1024 भागांपैकी 272 भाग त्यांचे. खाण इतकी पिकली की मॉरिस 1855 साली वयात आला तेव्हा त्याच्या वाट्याच्या भागांवर त्याला वर्षाला सातशे पौंडांहून अधिक मिळू लागले. त्याची कला उभी राहिली ती या पैशावर. तांबे कमी होऊ लागले तेव्हा ती खाण सोमल काढू लागली आणि जगातील मोठ्या सोमल-उत्पादकांत गणली गेली. भट्टीच्या धुराड्यांत साठलेला पांढरा सोमल खरवडून काढणारे मजूर नाकपुड्यांत कापूस घालीत आणि तोंडाला माती फासून घेत. हाच त्यांचा बचाव. मॉरिस 1871 ते 1875 या काळात या कंपनीचा संचालक होता. 2003 साली अँडी मेहार्ग या शास्त्रज्ञाने मॉरिसच्या सुरुवातीच्या एका भिंतकागदाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यातील हिरव्यात सोमल सापडला. आणि 1885 साली, म्हणजे समाजवादी झाल्यानंतरही, त्याने एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात सोमलाच्या भीतीला डॉक्टरांच्या अंगात शिरलेले खूळ ठरवले होते.

हे वाचले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून वाचनालयाबाहेर येऊन चहा घेतला. मॉरिसला शिव्या देणे सोपे होते. पण ज्याने पंचवीस वर्षांच्या मागणीपत्रांत धूळ हा शब्द लिहिला नाही, त्याने शिव्या कोणत्या तोंडाने द्याव्यात? मॉरिसने ते भाग 1870 नंतरच्या दशकातच विकले आणि त्याचे कागद पुढे सोमलाविना छापले गेले, हेही नमूद केले पाहिजे.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये भिंतकागदातील सोमलावर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. तरी तो हटला, कारण गिऱ्हाईक घाबरले. घरातील बाई दुकानात जाऊन 'सोमल नसलेला कागद दाखवा' म्हणू लागली आणि कारखानदारांनी तशा जाहिराती केल्या. सौम्य हिरव्याची चलती झाली त्यात रसिकतेचा वाटा मोठा, पण या भीतीचाही होताच. दिवाणखाना असा सुरक्षित झाला.

मात्र सौम्य रंग तयार होतो तो कशाने? कोणत्याही रंगाला मऊ करावयाचे तर त्यात पांढरा भरपूर घालावा लागतो. आणि त्या काळचा तेलरंगातील उत्तम पांढरा म्हणजे सफेदा, शिशाचा. एवढेच नव्हे; सोमल काढून टाकल्यावर हिरवा करण्यासाठी जो क्रोम पिवळा निळ्यात मिसळीत, तोही शिशाचाच. म्हणजे भिंतीवरील हिरव्यातून एक विष गेले आणि दुसरे राहिले, किंबहुना रंग जितका सौम्य तितका सफेदा अधिक. हे विष भिंतीवर सुकल्यावर घरवाल्याला लगेच जाणवत नसे. ते जाणवे बनवणाऱ्याला आणि लावणाऱ्याला.

सफेदा बनवण्याची जुनी रीत अशी. मातीच्या मडक्यांत सिरका घालायचा, वर शिशाचे पत्रे ठेवायचे, आणि अशा मडक्यांच्या रांगा लिदीत किंवा चामडे कमावलेल्या सालींच्या चोथ्यात तीन महिने पुरून ठेवायच्या. उष्णतेने, वाफेने पत्र्यांवर पांढरे कवच चढते. ते झटकून, दळून, वाळवून झाला सफेदा. ही मडकी उचलण्याचे, कवच झटकण्याचे, भट्टीतून परातीच्या पराती बाहेर आणण्याचे काम न्यूकॅसल आणि लंडन येथील कारखान्यांतून बायका करीत, डोक्यावर ओझी घेऊन. पुरुषांपेक्षा त्या स्वस्त पडत. चार्ल्स डिकन्सने 1868 च्या अखेरीस पूर्व लंडनमधील अशा बायकांची घरे पाहून लिहिले आहे: विष आहे हे साऱ्यांना ठाऊक, आणि दुसरे काम नाही म्हणून साऱ्या जातात. हात मनगटातून लुळे पडणे, पोटात कळा, झटके, आंधळेपणा, गर्भपात. या बायकांना त्या कामातून काढण्याचा हुकूम निघावयास 1898 साल उजाडले. श्यूररच्या पानांतील विष कळल्यावर बाजार काही वर्षांत हलला. सफेद्यासाठी तसे झाले नाही, कारण येथे मरणारी आणि विकत घेणारी बाई एकच नव्हती.

सफेद्याला पर्याय नव्हता काय? होता. पॅरिसमध्ये लक्लेर नावाचा रंगाऱ्याचा ठेकेदार होता. खेड्यातील चांभाराचा मुलगा, सतराव्या वर्षी पॅरिसला आला, ब्रश हाती धरला आणि स्वकष्टाने मोठा झाला. आपली माणसे शिशाने लुळी पडताना पाहून तो जस्ताच्या पांढऱ्याकडे वळला आणि 1840 नंतरच्या दशकात त्याने तो आपल्या कामावर रूढ केला. कामगारांना नफ्यात वाटा देणारा म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव आहे. नफ्यातील वाटा या कल्पनेविषयी आमच्या युनियनचे मत फारसे अनुकूल नाही. तो विषय आज नको. पण पर्याय आहे, हे 1850 च्या आत सिद्ध झाले होते. तरी कारण सांगितले जाई तेच: जस्ताचा रंग झाकत नाही, तीन हात द्यावे लागतात, सफेद्याचे दोन पुरतात. त्या तिसऱ्या हाताची मजुरी कोणी द्यायची, यावर सत्तर वर्षे गेली. फ्रान्समध्ये रंगकामगारांच्या संघटनेने ही लढाई नेटाने चालवली आणि 1909 साली सफेद्याविरुद्ध कायदा करवून घेतला.

मग 1921 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने तेरावा करार संमत केला. इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये, हे त्याचे मुख्य कलम. त्याचे पाचवे कलम वाचताना आम्ही खुर्चीत सरळ बसलो. जेथे शिशाचा रंग वापरला जातो तेथे कोरडे घासणे आणि खरवडणे यांपासून उठणाऱ्या धुळीचा धोका टाळण्याची तजवीज केली पाहिजे, असे त्यात आहे. शिवाय रंगाऱ्याला हात धुण्याची सोय हवी. 1921! आमच्या सभासदाने पंचा गुंडाळला त्याच्या शंभर वर्षे आधी. हिंदुस्थानने हा करार मान्य केला नाही. ब्रिटननेही केला नाही. त्याने 1926 साली बंदीऐवजी केवळ काळजी घेण्याचा कायदा केला, आणि कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक सर थॉमस लेग यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. अठ्ठावीस वर्षे ज्या खुर्चीत बसून त्यांनी शिशाचे रोगी मोजले ती खुर्ची त्यांनी सोडली. सरकारी नोकरांविषयी आमच्या तोंडून फार वेळा कडू शब्द गेले आहेत. या एका माणसासाठी त्यांतले काही परत घ्यावेसे वाटतात.

घरातल्यांना काही होत नाही, हा समजही खोटा होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गिब्सन या डॉक्टराने 1904 सालीच लिहिले की, तेथील मुलांना शिसे बाधते ते व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांवरून. उन्हाने रंगाची भुकटी होते, मुले कठडा धरतात आणि बोटे तोंडात घालतात. आपल्या प्रत्येक वाड्याला, चाळीला असा कठडा आहे. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर 1978 साली बंदी घातली. आपल्याकडे 1923 च्या भरपाई कायद्यात शिशाची बाधा हा कामाचा रोग म्हणून लिहिला गेला खरा, पण डब्यातील रंगाला मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. दहा लाख भागांत शिसे 90 भागांहून अधिक नसावे, असा तो नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तो नव्या रंगाविषयी आहे. दारावर आधीच चढलेल्या थरांविषयी तो काही सांगत नाही, आणि नवा सेज हिरवा देण्यापूर्वी घासावे लागतात ते तेच थर.

आमच्या घरचे काम मग असे झाले. भांडी-कपडे दुसऱ्या खोलीत नेले, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरले, पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासले, चिखल पुसून पिशवीत भरला, झाडूऐवजी ओले फडके वापरले. हात धुण्यासाठी मोरीत साबण ठेवला आणि आईने दम दिला की हात धुतल्यावाचून चहा मिळणार नाही. दोन दिवसांच्या घासकामाला पाच दिवस लागले. वरच्या तीन दिवसांची मजुरी आम्ही दिली. रंग छान आला आहे; सकाळी उन्हात तो रुईचा दिसतो आणि संध्याकाळी राखेचा.

पंधरा दिवसांनी हाच सभासद दुसऱ्या आळीत काम करताना आम्हाला दिसला. पंचा नाकाला, खोलीत धुके. आम्ही काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "दादा, इथं दर फुटावर आहे." यंदाच्या मागणीपत्रात आम्ही ओल्या घासकामाचा वेगळा दर लिहिला आहे. ठेकेदारांचे म्हणणे, गिऱ्हाईक देणार नाही. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण गिऱ्हाईक आहेत. बोलण्याची पुढची बैठक अक्षय्य तृतीयेनंतर आहे.